दगड, डिंक आणि फटी

मंडळी, पुष्कळ दिवसांनी लिहायला बसले आहे. सध्या मुक्काम लेकीकडे, फ्लोरिडात टॅम्पाला. फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "तिकडे दिवसभर करतेस तरी काय?" तर ऐका, गेले पंधरा दिवस मी दगड रचते आहे!

माझ्या पंधरा वर्षांच्या नातवाने (नाव लिहायचं नाही अशी त्याची अट आहे) खाऱ्या पाण्याची टाकी करायला घेतली आहे. आपल्याकडे दिवाणखान्यात गोल्डफिशची पेटी असते तसलं हे प्रकरण नव्हे. चार फूट लांब, ७५ गॅलनची, म्हणजे जवळजवळ २८० लिटरची काचेची टाकी, आणि तिच्यात प्रवाळ वाढवायचे. प्रवाळांना आधाराला लागतो तो लाइव्ह रॉक. मी त्याला जिवंत दगड म्हणते. दगड जिवंत कसा, तर तो असतो चुनखडीचा, सच्छिद्र, आणि त्याच्या भोकाभोकांत जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या घाणीतून सुटणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अगदी आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. म्हणजे घराची भिंतही हीच आणि मोरीही हीच!

इथे समुद्रातला असा दगड काढायला १९९० च्या दशकात बंदी आली. आता खाणीतला चुनखडीचा दगड भाडेपट्ट्याने घेतलेल्या समुद्रतळावर टाकून ठेवतात आणि जीवांनी भरला की वर काढून विकतात. दगडाची शेतीच म्हणा ना. (मालवणच्या भाच्याला आताच सांगून ठेवते, तू आपल्या समुद्रातून तुकडे काढायच्या भानगडीत पडू नकोस. आपल्याकडे प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.)

तर असे सत्तावीस किलो दगड घरी आले. ते टाकीत नुसते एकावर एक ठेवून भागत नाही. शंखगोगलगायी ढकलतात, समुद्री साळू कुरतडत फिरतो, काही मासे आणि कोळंब्या खालची वाळू उकरून बिळं करतात. वरचा दगड घसरून काचेवर आदळला तर २८० लिटर पाणी लेकीच्या लाकडी जमिनीवर! म्हणून नातवाने जय्यत तयारी केली होती. सुपरग्लूची जेल, दोन भाग मळून एकत्र करायची इपॉक्सीची पुट्टी, नायलॉनचे पट्टे, ॲक्रिलिकच्या कांड्या. त्याचा हिशेब सोपा होता, दगड घ्यायचा आणि चिकटवायचा.

मी म्हटलं, थांब बाबा. आधी दगडाला बसू दे.

देवगडकडे आमच्या घराला गडगा आहे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. वडील रचायचे आणि मी लहान दगड हातात द्यायची. ते प्रत्येक दगड तीनचार बाजूंनी फिरवून बघत. तीन ठिकाणी टेकला तर ठेवत, दोनच ठिकाणी टेकला तर बाजूला. तिवई डगमगत नाही ना, तसंच. आणि बसलेल्या दगडावर तळहात ठेवून जोर देत. हलला की पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही पुठ्ठ्यावर टाकीच्या तळाचं माप आखलं आणि त्यावर सगळी रचना कोरडी करून पाहिली. कोरडी म्हणजे टाकीबाहेर हो, दगड मात्र खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या टॉवेलांखाली, नाहीतर आतले जीव मरतात. हातमोजे घालूनच, कारण अशा दगडावर कधी पॅलिथोआ नावाचे गुंडीसारखे विषारी जीव असतात. मोठे सपाट दगड खाली. ते थेट टाकीच्या तळावर ठेवायचे आणि वाळू मागाहून भोवती ओतायची, म्हणजे कोणी कितीही उकरलं तरी पाया हलत नाही. चारही बाजूंनी काचेपासून चार बोटं अंतर, पुसायला हात जायला हवा.

सगळं नुसतं ठेवून उभं राहिलं, तेव्हा डिंकाची पाळी. कमानीच्या दोन दगडांना जावईबापूंनी ड्रिलने भोकं पाडून आत ॲक्रिलिकची कांडी घातली. धातूची नाही, ती गंजते, आणि तांबं असेल तर बिनकण्याच्या जीवांना विषच. सांध्यांत आधी जेल, त्यावर पुट्टीचा गोळा, पुन्हा जेल, आणि मग दगड दाबून धरायचा. पुट्टी एकरंगी होईपर्यंत मळायची, अगदी कणकेसारखी, ते काम माझं. नातू उरलेल्या फटीही बुजवायला निघाला होता. त्याला अडवलं. फटींतून पाणी खेळलं नाही तर मागे घाण साचते, आणि माशांनी लपायचं कुठे?

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही आडून आडून विचारता आहात. होय, लेकीची इच्छा आहे की गावचं घर विकून मी इथेच कायमचं राहावं. हे गेल्यापासून मी एकटी असते, गेल्या वर्षी एकदा अंगणात चक्कर आली होती, तिचा जीव तिथे अडकलेला असतो. तिचं काही चुकत नाही. मी नाही म्हटलं तेव्हा दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी, दगड दाबून धरून आम्ही दोघी बसलो होतो (पुट्टी घट्ट होईपर्यंत हलता येत नाही, बोलायला बरं पडतं), तेव्हा ती म्हणाली, "आई, तू तिकडे कोणाच्या आधारावर राहणार, सांग." मी मोजून दाखवले. शेजारची सून रात्री सोबतीला झोपायला येईल, तिच्याशी बोलणं झालं आहे. रोज सकाळी सातला लेकीला फोन करायचा, चुकला तर तिने शेजारी लावायचा. आणि दरवर्षी थंडीत तीन महिने इथे. ती रडली, पण "बरं" म्हणाली. मलाही सोपं गेलं नाही, खोटं कशाला सांगू?

पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं आहे. टाकीत वाळू पडली, पाणी भरलं, पण अमोनिया शून्यावर येईपर्यंत मासे सोडायचे नाहीत, त्यामुळे ते मला दिसणार नाहीत. नातू व्हिडिओ पाठवणार आहे.

आणि देवगडवाल्यांनो, गेल्या पावसात पूर्वेकडचा गडगा ढासळला आहे. मी येईपर्यंत दोन गडी बघून ठेवा. दगड तिथेच पडलेले असू देत, मी आल्यावर बसवून घेईन.