चाराचे दोन

दोनाचे चार होणे ही आपल्याकडे आनंदाची गोष्ट मानली जाते. त्या दिवशी मांडव पडतो, सनई वाजते आणि चार माणसे अक्षता टाकून जातात. चाराचे दोन करण्याचा प्रसंग मात्र कोणी साजरा करीत नाही. तो बहुधा घराच्या मागल्या अंगणात, गोणपाटावर आडवे पडून आणि तेलाने हात माखून घेऊन उरकावा लागतो. सातारा जिल्ह्यातील जावळीच्या डोंगराळ मुलखात एका शेतकऱ्याच्या अंगणात असा प्रसंग घडला. ज्याच्या चाराचे दोन झाले तो प्राणी म्हणजे घरातील जुनी जीप होय.

ही जीप १९७४ सालची. सरकारी नोकरीत तिची पहिली दहा वर्षे गेली आणि १९८४ मध्ये लिलावात आबांनी ती घेतली. आबा त्या वेळी ऐन उमेदीत होते. ज्या वाटेवर बैलांनाही पाय रोवून चालावे लागे, त्या वाटेने ही जीप भाताची पोती, खताच्या गोण्या, प्रसंगी बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस घेऊन खाली मोठ्या रस्त्याला उतरत असे. तिच्या या सामर्थ्याचे मूळ तिच्या चार चाकांत होते. चार चाके सगळ्याच मोटारींना असतात, हे खरे. परंतु साध्या मोटारीत इंजिनाची ओढ दोनच चाकांना मिळते आणि उरलेली दोन नुसती बरोबर चालतात, जशी वरातीत काही माणसे चालतात तशी! जीपमध्ये मनात येईल तेव्हा चारही चाकांना कामाला जुंपता येते.

जीपचा जन्म युद्धाच्या गरजेतून झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला चिखल, वाळू, ओढे यांना न जुमानणारे हलके वाहन हवे होते. १९४० मध्ये त्याचे पहिले नमुने तयार झाले आणि १९४५ पर्यंत विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर ही गाडी शेताकडे वळली. भारतात महिंद्र कंपनीने तिची जुळणी व पुढे उत्पादन हाती घेतले. तलवारीचा नांगर होणे ही कवींची कल्पना; जीपच्या बाबतीत मात्र ती बरीचशी खरी ठरली.

जीपच्या पोटात गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी जोडलेली असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनाकडून आलेली ओढ या पेटीतून दोन दांड्यांवाटे बाहेर पडते. एक लांब दांडा मागच्या आसाकडे जातो आणि दुसरा पुढच्या आसाकडे. त्यांना मिस्त्री लोक शाफ्ट म्हणतात. चालकाच्या पायाजवळ तीन खटके उभे असतात. पहिला नेहमीच्या गिअरचा, दुसरा पुढची चाके जोडण्याचा आणि तिसरा 'लो' गिअरचा, म्हणजे वेग कमी करून जोर वाढविण्याचा. 'लो'मध्ये जोर जवळजवळ अडीच पट होतो. येथे कारखानदाराने एक मोठे शहाणपण करून ठेवले आहे. पुढची चाके जोडल्याशिवाय 'लो' गिअर पडतच नाही. एवढा जोर एकट्या मागच्या आसाने सोसू नये, तो चौघांत वाटला जावा, हा त्यातला हेतू. पेटीच्या आत एक लहानशी लोखंडी गोळी दोन सळ्यांच्या मध्ये बसून ही राखण करते. घरातील वडीलधारे माणूस ओट्यावर बसून कोण कोठे जातो यावर लक्ष ठेवते, तसाच हा प्रकार!

आबांना यांतले यंत्रशास्त्र ठाऊक नव्हते. पण त्यांच्या सवयी पक्क्या होत्या. डांबरी रस्त्यावर ते पुढची चाके कधीही जोडीत नसत. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, म्हणजेच त्यांना अधिक अंतर काटावे लागते. जीपमध्ये पुढचा आणि मागचा आस जोडले की ते एकाच गतीने फिरण्यास बांधले जातात. चिखलात चाक थोडे घसरून हा हिशेब चुकता करते. डांबरावर ते घसरू शकत नाही. मग शाफ्टांना पीळ बसतो, गाडी अवघडते आणि खटका अडकून बसतो. आबांना त्या पिळाची जाणीव हातांना होई, एवढेच. त्यांची दुसरी सवय अशी, की चढावर गाडी उभी करताना ते पुढच्या चाकांचा खटका जोडलेलाच ठेवीत, हाताचा ब्रेक ओढीत आणि खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावीत. असे का, हे त्यांना कोणी विचारले नाही आणि विचारले असते तरी त्यांना सांगता आले नसते.

काळ पालटला. वाडीपर्यंत डांबरी रस्ता आला. आबांचे वय झाले आणि जीप नातवाच्या हाती आली. नातू तंत्रनिकेतनात शिकलेला, हुशार आणि हिशेबी. त्याने पाहिले, की जीपच्या पुढच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस झिजले आहेत, गाडी चालताना खालून खडखड ऐकू येते, पुढच्या हाउसिंगमधून तेल गळते आणि पेट्रोल पाण्यासारखे जाते. त्यातून पुढची चाके जोडण्याची वेळ वर्षातून चार-पाचदाच येते. ज्याचे काम वर्षातून पाच वेळा पडते, त्याचा खर्च बारा महिने का सोसावा? हा प्रश्न तर्काला धरूनच होता. माणसांच्या बाबतीतही हल्ली असेच हिशेब होतात. पण ते असो.

"आबा, पुढचा शाफ्ट काढून टाकू या," तो एके दिवशी म्हणाला, "गाडी हलकी होईल."

आबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझी गाडी आहे बाळ. पण काढलेले सामान भंगारात घालू नकोस."

मेढ्याहून मिस्त्री आले. चाळीस वर्षे जीपखाली आडवे पडून त्यांची पाठ वाकली होती. नातवाने त्यांना एका परदेशी गृहस्थाचा प्रयोग सांगितला. त्या गृहस्थाने आपल्या घरीच सुबारू नावाच्या जपानी मोटारीची चार चाकांची ओढ मोडून दोन चाकांची केली होती. पण नुसता मागचा शाफ्ट काढताच मोटार जागची हलेना. मिस्त्रींनी ती मोटार कधी पाहिली नव्हती, तरी थोड्या प्रश्नांनंतर ते हसले. म्हणाले, "तिच्यात पुढचा आणि मागचा वाटा वेगळा करणारा डिफरन्शियल मध्येच बसवला असणार. तो नेहमी सोप्या बाजूला पळतो. एक बाजू मोकळी सोडली, की सगळे फिरणे तिकडेच जाते." ते खरेच होते. तशा मोटारी डांबरावरही चारी चाकांनी चालाव्यात म्हणून त्यांत तो मधला डिफरन्शियल असतो. त्यामुळे त्यांची दोन चाके सोडवायची तर गिअरबॉक्स उघडून तो डिफरन्शियल जाम करावा लागतो, किंवा त्याच्या जागी भरीव तुकडा बसवावा लागतो. जीपमध्ये ही भानगड नाही. तिचे पुढचे नाते खटक्यापुरते असते. तोडले तरी मागचे अबाधित राहते.

मग काम सुरू झाले. पुढची चाके जॅकवर उचलून खाली लाकडी ओंडके दिले. शाफ्टच्या सांध्याजवळ मिस्त्रींनी छिन्नीने दोन बारीक खुणा केल्या. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एक दुसऱ्यात सरकतो. परत बसविताना तो होता तसाच बसला पाहिजे, नाही तर गाडी थरथरते. "परत कशाला बसवायचा?" असे नातू म्हणाला, तेव्हा मिस्त्रींनी उत्तर दिले नाही, खुणांवरून बोट फिरवून पाहिले. बोल्ट गंजले होते. रॉकेल घालून, पाना लावून, हातोडीचे हलके टोले देत ते सोडवायला दुपार झाली. शाफ्ट निघाला, तरी काम संपले नव्हते. चाके फिरली की ती आतल्या दांड्यांना आणि पुढच्या डिफरन्शियललाही उलटे फिरवीत राहतात. म्हणून चाकांच्या तुंब्यांवरील जोडतबकड्या काढून तेथे पत्र्याची झाकणे बसविली. आता पुढची चाके खरोखरीच मोकळी झाली. ट्रान्सफर केसच्या तोंडावरील जोड मात्र मिस्त्रींनी तसाच ठेवला, नाही तर तेथून तेल वाहिले असते.

संध्याकाळी गाडी फिरवून पाहिली. खडखड नाहीशी झाली होती आणि स्टिअरिंग फुलासारखे फिरत होते. नातवाला आणखी एक गंमत कळली. पुढचा खटका आता कशालाच जोडलेला नव्हता. पण तो ओढला की आतली राखणदार गोळी फसत होती आणि 'लो' गिअर खुशाल पडत होता! मिस्त्रींनी बजावले, "ते करू नका. सगळा जोर मागच्या दोन दांड्यांवर येतो." पायाचा ब्रेक पूर्वीसारखाच चारी चाकांना आहे, हेही त्यांनी सांगितले. शाफ्टला भरपूर ग्रीस चोपडून आबांनी तो गोणपाटात बांधला आणि माजघराच्या कोपऱ्यात उभा केला.

पावसाळा लागला. आषाढातील एका सकाळी नातू खताच्या गोण्या घेऊन वरच्या खाचरांकडे निघाला. आबाही हौसेने शेजारी बसले. डांबर संपून तांबड्या मातीची चढण लागली तेथे मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. नातवाने क्षणभर विचार केला आणि मोकळा खटका ओढून 'लो' टाकला. गाडी हातभर वर सरकली, पुन्हा घसरली आणि थांबली. मागचे एक चाक चिखलाच्या गाऱ्यात होते, दुसरे मुरमावर. त्याने हाताचा ब्रेक घट्ट ओढला, इंजिन बंद करून गिअर टाकून ठेवला आणि गोण्या उतरविण्यासाठी तो खाली उतरला. आबा केव्हाच उतरून, सवयीप्रमाणे, मागे दगड शोधीत होते.

तेवढ्यात गाडी हलली.

तिचा आवाज झाला नाही. पाहताना डोळ्यांवर विश्वास बसू नये असे दृश्य होते. मुरमावरचे चाक हळूहळू मागे फिरत होते आणि चिखलातले चाक त्याच वेळी पुढे फिरत होते! नातू दारातून आत झेपावून पायाचा ब्रेक दाबण्याचा प्रयत्न करू लागला. त्याचा चिखलाने भरलेला बूट निसटला. आबांनी हातातला दगड मुरमावरच्या चाकामागे सरकवला आणि हात मागे घेतला. चाक दगडावर अर्धवट चढले, गाडी एकदा हिंदकळली आणि थांबली. आबांच्या मनगटापासून चाक वीतभरही दूर नव्हते.

नातू खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आबा चिखलात बसून आणखी दोन दगड लावीत होते. त्यांनी त्याला एवढेच विचारले, "ब्रेक ओढला होतास ना?"

"ओढला होता, आबा. गिअरही टाकला होता."

संध्याकाळी मिस्त्री आले. सारे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. जीपचा हाताचा ब्रेक चाकांवर नसतोच. ट्रान्सफर केसमधून मागच्या शाफ्टकडे जाणाऱ्या तोंडावर एक ड्रम असतो, त्याला तो धरतो. शाफ्ट थांबला तरी मागच्या डिफरन्शियलमुळे एक चाक मागे आणि दुसरे तितकेच पुढे फिरू शकते. दोन्ही चाकांची माती घट्ट असेल तर तसे घडत नाही; एक चाक निसरड्यावर असेल तर घडते. गिअर टाकून ठेवला तरी तोही शाफ्टलाच धरतो, म्हणून त्याचाही उपयोग होत नाही. पुढची चाके जोडलेली असत, तेव्हा तोच एक ब्रेक पेटीतून पुढच्या शाफ्टलाही धरून ठेवी आणि गाडी घसरायला पुढचे व मागचे असे दोन्ही आस एकदमच फसावे लागत. आबांचा तो खटका जोडलेला ठेवण्याचा शिरस्ता चाळीस वर्षे हेच काम करीत आला होता. त्या सकाळीही खटका जोडलेलाच होता. मात्र त्याच्या पलीकडे शाफ्ट नव्हता.

"पायाच्या ब्रेकचे सांगितले," मिस्त्री पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हाताच्या ब्रेकचे माझ्याच ध्यानात आले नाही. चाळीस वर्षे हे काम करतोय."

आबांनी त्यांना चहा पुढे केला. नातू मात्र बसला नाही. तो माजघरात गेला, गोणपाटाची गाठ सोडून शाफ्ट उचलून ओसरीवर घेऊन आला आणि कंदिलासारखा मोबाईलचा उजेड धरून सांध्याजवळच्या त्या दोन बारीक खुणा शोधू लागला. ग्रीसखाली त्या दिसत नव्हत्या. त्याने आपल्या सदऱ्याच्या बाहीने ग्रीस पुसले.

"मिस्त्री," तो वर न पाहता म्हणाला, "दोन्ही क्रॉस नवे घालायचे तर सामान साताऱ्यात मिळेल का?"

"मिळेल. उद्या पहिल्या एस. टी. ने जाऊ."

आबा उठले आणि अंधारातच जीपकडे गेले. मागच्या चाकाचा दगड हलला तर नाही ना, हे त्यांना पाहावयाचे होते.