वांगणीच्या ताटातून उतरलेलं

लोकल थांबते ती वांगणी वेगळी. ही जव्हार तालुक्यातली, वावरच्या जोडीने नाव घेतली जाणारी. १९९२-९३ च्या सुमारास इथे कुपोषणाने बालकं दगावली आणि 'वावर-वांगणी' हे जोडनाव वर्तमानपत्रांतून राज्यभर पोचलं. तेव्हापासून इथे येणारा बहुधा वजनकाटा आणि तक्ते घेऊन येतो. लोकांच्या पोटात काय जात नाही याची मोजदाद झाली. सणाला चुलीवर काय चढत होतं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

म्हणून ही यादी. ती एकट्या वांगणीची नाही. जव्हार-मोखाड्याच्या वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर पाड्यांवरची आहे. पाडा बदलला की नाव बदलतं, घर बदललं की हात बदलतो.

सावेली. दिवाळीचं पक्वान्न हे. पावसाळ्यात शेताच्या कडेला सोडलेल्या वेलावरची काकडी आश्विनापर्यंत हातभर होते, पिवळी पडते. ती किसायची. किसाला सुटलेल्या पाण्यातच नव्या तांदळाचं पीठ आणि गूळ कालवायचा, चवीपुरतं मीठ घालायचं. हे मिश्रण रानातल्या पानावर थापून, वर दुसरं पान ठेवून वाफवायचं. पान बहुतेकदा चाईच्या वेलाचं. किनाऱ्यावर हळदीच्या पानात पातोळे होतात, त्यांत नारळ असतो. इथे डोंगरावर नारळ नाही, म्हणून सावेलीतही नाही. तूप नाही, तळण नाही. गूळ-मीठ सोडलं तर विकत आणायचं काहीच नाही.

तिचं सगळं गणित पंधरा-वीस दिवसांचं. हळवं भात नुकतंच घरात आलेलं, काकडी पिकून पिवळी झालेली, चाईचं पान अजून हिरवं. दिवाळी सरली की पानं वाळतात. नेमक्या याच दिवसांत घर आवरून निघायची घाई असते. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या दिवाळी संपली की सुरू होतात. मोखाड्याकडची माणसं नाशिकच्या द्राक्षबागांतही जातात. ठेकेदाराची उचल बऱ्याचदा दिवाळीच्या तोंडावरच हातात पडते आणि त्याच पैशात दिवाळीचा बाजार होतो. पैसा बाजाराचा, म्हणून ताटही बाजाराचं: पामतेल, मैदा, बुंदीचे लाडू, शेव. काकडी वेलावर असते, पण भाताची झोडणी, दाणे भरून ठेवणं आणि बोचकी बांधणं यांतून ती किसायला हात मोकळा नसतो. पोरांना लाडू आवडू लागले म्हणून सावेली गेली, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. माझ्या मते ती आवडीमुळे गेली नाही, उचलीमुळे गेली.

चवळीच्या शेंगा, कोनफळ, रताळी. दिवाळीलाच उकडून खायची. ही अजून आहेत. जव्हारच्या बाजारात कोनफळाचे ढीग लागतात आणि मुंबईचे पर्यटक गाडीतून उतरून भाव करतात. यादीत ठेवली ती एवढ्यासाठी की उकडायचा मातीचा डेरा गेला. आता अॅल्युमिनियमचं पातेलं आहे.

वाघबारशीचा भात. आश्विन वद्य द्वादशी, शहरात जिला वसुबारस म्हणतात तो दिवस. गुराख्यांनी घरोघर धान्य मागायचं, रानाच्या कडेला वाघोबाच्या पाषाणापुढे चूल मांडायची, नारळ फोडायचा, कुठे कोंबडं कापायचं आणि तिथेच रांधून जेवायचं. रांधणारी पोरंच. भात कधी कच्चा, कधी करपलेला. पण त्या एका दिवशी गावाने आपल्या गुराख्याला देणं दिलेलं असायचं. आता गुराख्याच्या वयाचं पोर आश्रमशाळेत आहे, आणि ते तिथेच असायला हवं. गुरंही कमी झाली. वाघोबाची पूजा मोठी माणसं करतात. पोरांची चूल गेली.

वरईचा नव्याचा भात. इथे जास्त थांबायला हवं.

नवं धान्य देवीला, कणसरीला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, ही रीत. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत वरई आणि नागली होतात. वरई लवकर पिकते, म्हणून नव्याच्या ताटात तिचा मान. दूधमोगरा, घोशी अशी तिच्या वाणांची नावं. शहरातला माणूस वरई खातो ती उपासाला, भगर म्हणून. इथे ती पोटभर जेवणाची, सणाची.

पण वरईचा दाणा बारीक आणि टरफल चिवट. भात सडायची गिरणी तिला चालत नाही. उखळात घालून कांडायची, पाखडायची, परत कांडायची. एका जेवणापुरत्या वरईला बाईची अख्खी सकाळ जाते. त्यापेक्षा टरफलासकट व्यापाऱ्याला विकणं परवडतं. ती घाट चढून घोटी-नाशिककडच्या भगर गिरण्यांत जाते, पांढरी होऊन प्लास्टिकच्या पिशवीत बसते आणि एकादशीला पुण्या-मुंबईच्या ताटात पडते. पिकवणाऱ्या घरात रेशनचा तांदूळ शिजतो. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. त्याने भूक भागते, आणि ही मोठीच गोष्ट आहे. ज्या गावाने १९९२ पाहिलं त्याला रेशनवरून कुणी नावं ठेवू नयेत. मात्र रेशनच्या तांदळाचं नवं होत नाही. तो वर्षभर सारखाच असतो.

उखळ गेलं याचं मला वाईट वाटत नाही. मुसळ चालवणाऱ्या खांद्यांना विचारल्याशिवाय कुणी त्याच्या आठवणीने गहिवरू नये. वाईट याचं की उखळाच्या जागी काहीच आलं नाही. वरई सडायची छोटी यंत्रं निघाली आहेत. ती पाड्यावर पोचली, तर हा भात उद्याही होईल.

नागलीची आंबील. ढवळपेरी, शितोळी, दसरबेंद्री ही नागलीच्या वाणांची नावं. जव्हारच्या बाजूला बाएफसारख्या संस्थेने अशा वाणांची बियाणी गावातच राखण्याचं काम केलं, म्हणून निदान नावं तरी उरली. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष. त्या वर्षी नागलीची बिस्किटं, नागलीचा केक, नागलीचे मोमो सगळं होऊन गेलं. आंबिलीचं मडकं मात्र त्या कार्यक्रमांच्या मांडवात कुणी ठेवलेलं मला दिसलं नाही.

उडदाचे वडे. भाद्रपदात पितरांना, एरवी लग्नाकार्याला. उडीद उताराच्या शेतातला, वाटण पाट्यावर. तळणीचं तेल खुरासणीचं किंवा मोहट्यांचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. वडा आजही होतो. तेल गेलं. मोहट्याचं तेल थंडीत गोठतं, त्याचा वास उग्र, आणि बिया गोळा करायचे दिवस नेमके पावसाच्या तोंडाशी, पेरणीच्या धांदलीत. खुरासणीचं शेत आश्विनात पिवळं व्हायचं. आता असं शेत दिसलं की फोटो काढायला माणसं थांबतात.

मोहाची फुलं. चैत्रात पहाटे झाडाखाली वेचायची, वाळवायची, भाजून किंवा उकडून खायची. गोडाला दुसरं काही नव्हतं तेव्हा गोडवा हाच. इंग्रज सरकारने १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहरा कायदा केला आणि फुलं जमवण्या-विकण्यावर बंधनं घातली. निमित्त दारूचं होतं. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचं संस्थान, मोखाडा मात्र इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे थेट या कायद्याखाली. स्वातंत्र्यानंतरही दारूबंदीच्या कायद्याने मोहफूल संशयितच राहिलं. महाराष्ट्राने ही बंधनं २०२१ मध्ये सैल केली. मधल्या सव्वाशे वर्षांत आपलंच गोड लपवून खायची सवय लागलेल्या समाजाला आता मोहाचे लाडू करायचं प्रशिक्षण दिलं जातं.

होळीच्या पापड्या. शिमगा हा इथला दिवाळीहून मोठा सण. भट्टीवर गेलेला माणूस मुकादमाशी भांडून का होईना, होळीला गावी येतोच. होळीच्या उंच बांबूला पापड्या, कुरडया, वडे, साखरेच्या गाठी बांधायच्या. होळी पेटून बांबू कलला की पोरांची झुंबड. पुढे बोहाड्याच्या उत्सवात सोंगांचे मुखवटे निघतात, त्या रात्रींनाही घरातली पापडी लागायची. पण तांदळाची पापडी करायला माघातली कोरडी उन्हं लागतात, आणि माघात करणारी बाई विटा थापत असते. ती होळीच्या आदल्या दिवशी पोचते. मग बांबूला बांधली जाते ती दुकानातली पापडी. बांबू तोच, पोरंही तीच.

कोळू. पहिल्या पावसाची पहिली रानभाजी. शहरात हिला फोडशी म्हणतात. देवाला दाखवून मगच खायची. हिचं बरं चाललं आहे, कारण जूनमध्ये सगळे गावात असतात. शेवळंही टिकून आहेत, बांबूचे वास्तेही. शेवळाला काकडाची फळं घातली नाहीत तर घसा खाजतो, हे अजून पोरींना ठाऊक आहे.

कडूकंद. सणाचा नव्हे, टंचाईचा. चकत्या करायच्या, राखेत घोळवून उकडायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे विष उतरतं. रानभाजी महोत्सवात याचीही थाळी लावतात. ज्या म्हाताऱ्यांनी तो पोट भरायला खाल्ला, त्यांच्यापैकी कुणी त्याची आठवण काढत नाही. हा गेला तर जाऊ द्यावा.

यादी एवढीच. ती वाचताना एक गोष्ट सहज दिसेल. ज्या पदार्थांचे दिवस ज्येष्ठ ते भाद्रपदात येतात, ते बरेचसे शाबूत आहेत; ज्यांचे आश्विन ते फाल्गुनात येतात, ते बरेचसे गळाले. पावसाळ्यात माणसं गावात असतात, दिवाळीनंतर नसतात. म्हणून पाककृतींची पुस्तकं छापून आणि स्पर्धा भरवून फार काही हाती लागणार नाही. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम देण्याची तरतूद आहे. जव्हार-मोखाड्यात काम करणाऱ्या संस्थांनी आणि ग्रामपंचायतींनी ही मागणी दसऱ्यालाच लिहून घ्यावी, पोच घ्यावी, आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गावात काम सुरू होईल हे पाहावं. उचल घ्यायच्या आधी या कामाची खात्री झाली तरच उपयोग आहे.