आधी दहा मिनिटे, मग ताळेबंद

राष्ट्रीयीकृत बँकेतील माझ्या नोकरीचा बराच काळ बीड जिल्ह्यातील शाखांच्या कर्ज विभागात गेला. अर्ज समोर आला की आधी ताळेबंद पाहावा आणि नंतर माणूस, ही सवय त्या खुर्चीने लावली. बँकेत ती उपयोगी पडली; घरात मात्र तिची किंमत मोजावी लागली. अनेक कुटुंबांत आज मुलांच्या परदेशी शिक्षणाचा विचार चालू आहे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

2019 च्या जून महिन्यातील गोष्ट. धाकट्या भावाचे बीडमध्ये ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान आहे. त्याचा मुलगा बारावी झाला आणि त्याने जाहीर केले, की मला मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंग शिकायचे आहे. शर्यतीच्या गाड्यांची रचना, बांधणी आणि चाचणी यांचे हे शास्त्र. त्यासाठी इंग्लंडमध्ये तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो. भाऊ माझ्याकडे येऊन म्हणाला, “दादा, दुकान तारण ठेवतो. तुम्ही फक्त कागद करून द्या.”

मी कागद केला. पण तो हिशेबाचा. फी, राहणे, जेवण आणि प्रवास धरून तीन वर्षांचा आकडा साठ लाखांच्या पुढे जात होता. फी पौंडात आणि आपली कमाई रुपयांत. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवे तर तारण लागते, आणि परदेशी शिक्षणासाठी पंधरा टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. ज्या दुकानावर आई, भाऊ, वहिनी आणि दोन नोकरांची घरे चालतात, ते सतरा वर्षांच्या मुलाच्या आवडीवर लावायचे? मी सर्वांसमक्ष म्हणालो, “हा छंद आहे, धंदा नाही.” मुलगा काही न बोलता उठून गेला. पुढे त्याने पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. भावाचे आमच्याकडे येणे जवळजवळ थांबले.

त्या वर्षीच्या संवत्सरीला भाऊ खमतखामणा करण्यास आला. हात जोडून झाल्यावर म्हणाला, “दादा, तुमचा नकार मला पटला होता. पण पोराला तुम्ही दहा मिनिटे तरी विचारायला हवे होते.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. शाखेत आलेल्या अनोळखी अर्जदारालाही मी खुर्ची देऊन दोन प्रश्न विचारत असे. स्वतःच्या पुतण्याला तेवढेही दिले नव्हते.

घरात आणखी एक आक्षेप होता, तो आईचा. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत शकटकर्म येते. ‘साडीकम्मे’ हा शब्द ती प्रतिक्रमणात आयुष्यभर म्हणत आली. आपले दुकानही गाड्यांच्या भागांचेच, याची आठवण भावाने करून दिली. त्यावर ती म्हणाली, “ट्रॅक्टर शेतात चालतो, त्यावर लोकांचे पोट आहे. ही गाडी तर नुसती पळवण्यासाठी पळवायची.” तिचा प्रश्न सोपा नव्हता.

त्याचे उत्तर पुतण्याने 2020 मध्ये दिले. टाळेबंदीमुळे त्याचा अभ्यास बीडच्या घरातूनच चालला होता. त्या नोव्हेंबरमध्ये बहरीनच्या शर्यतीत रोमँ ग्रोजाँ या चालकाची गाडी कठड्यावर आदळून दुभंगली आणि पेटली. सुमारे अठ्ठावीस सेकंदांनी तो माणूस ज्वाळांतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची एक कमान असते; तिला ‘हेलो’ म्हणतात. फॉर्म्युला वनमध्ये ती 2018 पासून सक्तीची झाली आहे. पुतण्याने हे दृश्य आजीला दाखवले आणि म्हणाला, “आजी, मला हे शिकायचे आहे.” आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ज्याने ही कमान बसवली त्याला जीव वाचवल्याचे पुण्य.” आक्षेप तिने मागे घेतला नाही, पण पुन्हा काढलाही नाही.

माझे डोळे उघडले ते पुण्यात. महाविद्यालय सुरू झाल्यावर तो विद्यार्थ्यांच्या शर्यतगाडी बनवणाऱ्या संघात गेला. 1981 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेच्या धर्तीवर आपल्याकडे कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा होते. मुले एकच चालक बसेल अशी गाडी स्वतः बांधतात. मला वाटले होते की जो वेगात पळेल तो जिंकेल. मूळ अमेरिकी स्पर्धेत एकूण हजार गुणांपैकी दीडशे रचनेला, शंभर खर्च आणि उत्पादनाच्या हिशेबाला आणि पंचाहत्तर व्यवसाय योजनेला असतात, हे त्याने सांगितले, तेव्हा मी चकित झालो.

एके दिवशी त्याचा फोन आला, “मोठे काका, खर्चाचा तक्ता तपासून द्याल का?” मी पुण्याला गेलो. कार्यशाळेत रात्री अकरा वाजेपर्यंत आम्ही प्रत्येक नट, बोल्ट आणि नळीची किंमत, कापण्याची व जोडण्याची मजुरी तपासत बसलो. त्याच्या मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग होते. ब्रेकचा एक भाग हलका केल्यास किती रुपये वाढतात आणि किती ग्रॅम वाचतात, हे त्याने कागद न पाहता सांगितले. आमच्या वडिलांना दुकानातील प्रत्येक बेअरिंगचा भाव असाच तोंडपाठ असे. ज्याला मी छंद म्हणालो होतो, तो आमच्याच घरातील गुण होता. त्याची दिशा फक्त वेगळी होती.

2023 मध्ये तो पदवीधर झाला. त्याने चाकणला एक वर्ष नोकरी केली आणि मग इंग्लंडमधील एक वर्षाच्या एमएस्सीचा विचार समोर ठेवला. या वेळी मी आधी त्याला बसवून ऐकले. क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड ब्रूक्स अशी दोन विद्यापीठे त्याच्या यादीत होती. त्यातून त्याने दुसरे निवडले. नातेवाइकांत ‘पोरगा ऑक्सफर्डला चालला’ अशी वार्ता पसरली, तेव्हा ते प्राचीन विद्यापीठ वेगळे आणि हे वेगळे, हे त्याने स्वतःच सर्वांना सांगितले. या विद्यापीठाचा विद्यार्थी शर्यतसंघ नावाजलेला आहे, आणि मर्सिडीज, रेड बुल, विल्यम्स यांसारख्या संघांचे कारखाने त्याच टापूत आहेत, हे त्याचे कारण होते.

आता हिशेब. एका वर्षाचा एकूण खर्च तीस लाखांच्या आसपास होता. त्यात व्हिसासोबत भरावयाचा आरोग्य अधिभारच वर्षाला 776 पौंड. पौंड एक रुपयाने महागला तर अठ्ठावीस हजार पौंडांवर अठ्ठावीस हजार रुपये वाढतात, म्हणून थोडी रक्कम राखीव ठेवली. एक तृतीयांश भावाची बचत आणि मुलाचा पगार. उरलेले कर्ज, त्याला तारण नगर रस्त्यावरील माझा रिकामा प्लॉट. दुकानाला हात लावला नाही. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. परंतु व्याज तोवरही चढतच असते, म्हणून ते आम्ही दरमहा भरत राहिलो. जुन्या करपद्धतीत या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते.

शेवट परीकथेसारखा नाही. शिक्षण संपल्यावर तेथे दोन वर्षे राहून काम करता येते (2027 पासून अर्ज करणाऱ्यांना पदवी व पदव्युत्तर शिक्षणानंतर अठरा महिनेच मिळतील). त्यानंतर मात्र व्हिसा देणारा मालक शोधावा लागतो. पुतण्याने अनेक अर्ज केले. शर्यतसंघात जागा मिळाली नाही. गेल्या दिवाळीपूर्वी तो परतला. आज पुण्यात विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकची चाचणी करतो आणि व्याज स्वतः भरतो. मेकॅनिकलची रुंद पदवी आधी होती म्हणून हा दरवाजा उघडला. 2019 मध्ये दुकान तारण ठेवून तो गेला असता तर आज आम्ही कोठे असतो, हा विचार मनात येतो. आणि तो नकार मी प्रेमाने दिला असता तर काय बिघडले असते, हाही येतो.

हल्ली समाजातील कोणी सल्ल्यासाठी आले की मी दोनच गोष्टी सांगतो. ज्यावर सारे घर जेवते, ते तारण ठेवू नका. आणि आकडे मांडण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला समोर बसवून दहा मिनिटे ऐका. परिग्रहाची मर्यादा आपण व्रत म्हणून घेतो. बोलण्याची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे, हे मला पुतण्याने शिकवले.

पाडव्याच्या पूजेला या वर्षी तो दुकानात होता. वहीवर स्वस्तिक काढून झाल्यावर त्याने शेल्फवरचे एक बेअरिंग उचलले, बोटांनी फिरवून पाहिले आणि भाव सांगितला. बरोबर होता.