जर्सी तिसऱ्या सामन्यानंतर आली, मंडळी



पोस्ट थोडी मोठी आहे. चहा घेऊन बसा. राजकारणाची नाही, पण गावाच्या कामाची आहे.

आपल्या चौदा वर्षांखालच्या पोरांच्या फुटबॉल संघानं यंदा हंगामाची सुरुवात चांगली केली, हे एव्हाना सगळ्या ग्रुपवर फिरलंय. पाच सामने झाले. तीन जिंकले, एक बरोबरीत, एक हरलो. दहा गुण. गेल्या वर्षी पहिल्या पाचात चार हरलो होतो आणि एक कसाबसा बरोबरीत सुटला होता. एक गुण. एकावरून दहावर आलो, त्यामुळं कौतुक होणारच. व्हायलाच पाहिजे.

पण कौतुक कशाचं चाललंय ते बघून हे लिहायला बसलो. "नवीन जर्सीनं कमाल केली." "जर्सी घातली की पोरांच्या अंगात वारं शिरतंय." ज्यांनी जर्सी दिली त्यांचे आभार आहेतच, त्यात कंजुषी नाही. पण हिशेब हिशेबासारखा सांगतो. जर्सी आली ती तिसऱ्या सामन्यानंतर. पहिले तीन सामने पोरं जुन्या, नंबर पुसलेल्या जर्सीवर खेळली. त्यात दोन जिंकले आणि एक बरोबरीत. जर्सी आल्यावर एक जिंकलो आणि एक हरलो. आता सांगा, कमाल कुणाची?

हे चेष्टेत घालवायचं नाही. कारण चुकीचं धरलं की पुढचं कामही चुकीचं होतं. उद्या पोरं हरायला लागली तर आपण काय करणार, अजून एक जर्सी आणणार?

मी स्वतः कबड्डीच्या गावात वाढलेला माणूस. आपल्या भागात मैदान म्हटलं की कुस्ती नाहीतर कबड्डी. फुटबॉल म्हणजे कोल्हापूरकरांचं काम. तिथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटलेल्या. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा आपल्याकडच्या पोरांनाही पहिल्यांदा वाटलं की हे आपल्यालापण जमेल. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारनं राज्यभर एकाच दिवशी दहा लाख पोरांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम केला होता. शाळाशाळांत चेंडू वाटले. एक दिवस सगळा महाराष्ट्र खेळला. दुसऱ्या दिवशी किती चेंडू कपाटात गेले, ते ज्यानं त्यानं आपापल्या शाळेचं आठवावं. एक दिवसाचा उत्साह आणि हंगामभराचं काम यात फरक असतो, एवढंच मला सांगायचंय.

आता थोडं मोठ्या संघाचं बोलू. आपल्या राज्याचा मोठा संघ म्हणजे मुंबई सिटी. मी त्यांचे सामने मोबाईलवर बघतो. आपल्या पोरांचं बघताना मला त्यांचे सलग दोन हंगाम सारखे आठवतात, आणि त्या दोन हंगामांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

2021-22 चा हंगाम. कोरोनामुळं सगळे सामने गोव्यात. मुंबई म्हणजे आदल्या वर्षीचे विजेते. आधीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गेले, डेस बकिंगहॅम नवे आले. सुरुवात कशी? पहिल्या सहा सामन्यांत पाच विजय. मोहन बागानला 5-1 नं हाणलं. सगळे म्हणाले, यंदाही यांचंच. आणि मग सात सामने एकही विजय नाही. हंगाम संपला तेव्हा 31 गुण आणि पाचवा नंबर. पहिले चार पुढं गेले, हे घरी.

आता पुढचा हंगाम, 2022-23. पहिलाच सामना पुण्यात बालेवाडीला, हैदराबादबरोबर. 3-3. पहिल्या पाच सामन्यांत दोन विजय आणि तीन बरोबरी. म्हणजे सुरुवात आदल्या वर्षीपेक्षा गुणांनी कमीच. पण हरले मात्र नाहीत. सहाव्या सामन्यात चेन्नईत दोन गोलनी मागं पडले आणि 6-2 नं जिंकले. तिथून सलग अकरा विजय. एकूण अठरा सामने अपराजित. फेब्रुवारीत गोव्याला त्यांच्याच मैदानावर 5-3 नं हरवून दोन सामने शिल्लक असतानाच लीग शिल्ड नक्की केली. वीस सामन्यांत 46 गुण, 54 गोल.

दिसायला झकास सुरुवात झाली ती ढासळली, आणि अडखळत झाली ती टिकली. असं का?

आमच्या चहाच्या गाड्यावर याचं एकच उत्तर मिळतं. "पैसा वो, पैसा." परदेशातला मोठा फुटबॉल समूह तेव्हा मालक होता, मग काय. खरं आहे, पैसा होता. पण तो समूह 2019 लाच आला होता. पाचवा नंबर आला त्या वर्षीही पैसा तोच होता. पैशानं अर्धं उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं मला जसं दिसतं तसं सांगतो.

पहिलं, मास्तर बदलला नाही. पाचवा नंबर आल्यावर प्रशिक्षकाला नारळ द्यायची आपल्याकडं रीत आहे. त्यांनी बकिंगहॅमला ठेवलं. पहिल्या वर्षी ज्या चुका झाल्या त्या दुरुस्त करायची संधी चुका करणाऱ्यालाच दिली.

दुसरं, हंगामाआधी खरे सामने. एप्रिल 2022 मध्ये हा संघ आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी रियाधला गेला. पहिला सामना अल शबाबकडून 3-0 नं हरले. आणि तीन दिवसांनी इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 नं हरवलं. त्या स्पर्धेच्या गटात सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. विजयी गोल कुणाचा? मुंबईच्याच राहुल भेकेचा, हेडरनं. सहा सामन्यांत सात गुण घेऊन गटात दुसरे आले. नंतर ड्युरँड चषकात अंतिम सामन्यापर्यंत गेले, तिथं बंगळुरूकडून हरले. म्हणजे ऑक्टोबरात लीग सुरू झाली तेव्हा पोरं आधीच मार खाऊन, मार देऊन तयार होती.

तिसरं, नवे खेळाडू घेतले ते इथली हवा-पाणी माहीत असलेले. ग्रेग स्टुअर्ट जमशेदपूरहून, होर्हे परेरा दियाझ केरळहून, नोगेरा गोव्याहून. सगळे परदेशी, पण आदल्या वर्षी याच लीगमध्ये खेळलेले. त्यांना इथला उकाडा, इथली मैदानं शिकवायला वेळ घालवावा लागला नाही. आणि मधला कणा जुनाच राहिला.

चौथं, आपली पोरं. छांगटे आणि बिपिन सिंग, दोन्ही बाजूंनी पळणारे. छांगटे मिझोरामचा, पण शिकला पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीत. तो क्लब पुढं बंद पडला. पोरगा मात्र देशातला सर्वोत्तम खेळाडू झाला. कुणीतरी पेरून गेलं आणि पीक दुसऱ्यानं काढलं. असो, पेरणं वाया गेलं नाही हे महत्त्वाचं.

पाचवं, घर. दोन वर्षं गोव्यात रिकाम्या खुर्च्यांपुढं खेळून संघ अंधेरीच्या आपल्या मैदानावर, आपल्या माणसांपुढं परत आला.

आता हे पाच मुद्दे घ्या आणि आपल्या पोरांकडं या.

मास्तर तेच आहेत. गेल्या वर्षी चार सामने हरल्यावर "कोल्हापूरचा कोण तरी आणा" म्हणणाऱ्यांत मीपण होतो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. सरांनी काही उलट बोललं नाही. जून उजाडला, आणि पहिल्या पावसात ते चिखलात शिट्टी घेऊन उभे होते. गेल्या वर्षी सराव सुरू झाला होता गणपती झाल्यावर. यंदा जूनपासून. तीन-चार महिन्यांचा फरक आहे हा.

हंगामाआधीचे सामने पण झाले. ऑगस्टात पोरांना घेऊन कोल्हापूर भागात पाच मैत्रीचे सामने खेळलो. चार हरलो. एक तर 6-0. येताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, पोरं फुटबॉल सोडणार. सर म्हणाले, "आता यांना कळलं, चेंडू किती लवकर सोडायचा असतो." तेव्हा हे वाक्य मला समजुतीचं वाटलं होतं. ऑक्टोबरात पोरं चेंडू पायात न ठेवता सोडायला लागली, तेव्हा अर्थ कळला. ते 6-0 आपलं रियाध होतं म्हणा.

कणा जुना आहे. गेल्या वर्षीच्या अकरातली नऊ पोरं यंदाही आहेत. गेल्या वर्षी हरली ती लहान होती म्हणून, वाईट होती म्हणून नाही. बारा वर्षांचं पोर तेरा वर्षांचं झालं की काय फरक पडतो ते कुठल्याही आईला विचारा. आणि जी दोन नवी आली, त्यातला एक आपल्याच कबड्डीतला कोपरारक्षक. त्याला सरांनी बचावात मधोमध उभा केला. समोरच्याची कंबर कुठं वळणार हे त्याला चेंडूच्या आधी दिसतं. कबड्डीनं दिलेली नजर आहे ती. बाहेरून कुणी आणावं लागलं नाही.

आणि शेवटचं, मैदान. सकाळी सहा ते साडेसात पोरांना रोजचं हक्काचं मैदान मिळालं. यंदाच मिळालं. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच. जूनपासूनचा सराव झाला तो या दीड तासावर.

म्हणूनच आज लिहितोय. ऐकण्यात असं येतंय की पुढच्या महिन्यापासून ते मैदान कार्यक्रमांना, मंडपाला, वाहनं लावायला दिलं जाणार आहे. कोण देणार, का देणार, त्यात जात नाही. नाव घेऊन भांडायची ही पोस्ट नाही. देणाऱ्यांच्याही अडचणी असतील, गावात मोकळी जागा राहिलीय किती? पण मंडपाचे खड्डे बुजवायला आपल्याकडं कुणी येत नाही, हे आपण सगळे जाणतो. खड्ड्यात पाय मुरगळलेलं पोर मी स्वतः उचलून घरी पोचवलंय.

मैदानाचं दुखणं लहान गावाचंच आहे असं समजू नका. ती शिल्ड जिंकल्यावर मुंबई सिटी 2023 मध्ये पुन्हा आशियाई स्पर्धेला पात्र ठरली. सौदीचा बलाढ्य अल हिलाल भारतात आला. सामना कुठं झाला? मुंबईत नाही, बालेवाडीला. कारण आशियाई निकषांत बसणारं फुटबॉलचं मैदान मुंबईत नव्हतं. देशात पहिला आलेला संघ, आणि घरचा सामना पाहुण्यासारखा पुण्यात. त्या गटात सहाच्या सहा सामने हरले. मैदानामुळंच हरले असं म्हणणार नाही, समोरचे संघही तसेच तगडे होते. पण घर नसलेल्या संघाला कुठंतरी जड जातंच.

एक गोष्ट अजून. अठरा सामने अपराजित राहिलेला तो संघ शेवटी कप जिंकला नाही. शिल्ड मिळाली, पण बाद फेरीत बंगळुरूकडून पेनल्टीवर 9-8 नं गेला. म्हणून आपल्या पोरांवर "कप पाहिजेच" असं ओझं टाकू नका. दहा गुणांची सुरुवात पाच विजयांनंतर ढासळलेल्या मुंबईसारखीही होऊ शकते. जानेवारीत ऊसतोड जोरात असते, दोन पोरांच्या घरी हाताला हात लागतो, ती सरावाला येतीलच असं नाही. हरतील काही सामने. तेव्हा सरांना बदला म्हणू नका. मी तरी म्हणणार नाही.

मागणं साधं आहे. मैदान कार्यक्रमाला द्यायचंच असेल तर सकाळचा दीड तास सोडून द्या. खांब रोवाल तर खड्डे रोवणाऱ्यानंच बुजवावेत, हे आधी लिहून घ्या. आणि ज्याला आपण पुढाऱ्यापर्यंत पोचवू शकतो असं वाटतं, त्यानं ही पोस्ट पोचवावी. कमेंटमध्ये कुणाला शिव्या घालू नका, त्यानं मैदान वाचत नाही.

येत्या रविवारी सहावा सामना आहे, सकाळी सात वाजता. गेल्या पाच सामन्यांना बघायला बाहेर उभी माणसं मी मोजलीत, पंधरा-वीसच्या वर कधी गेली नाहीत. त्यात निम्मे पोरांचे बाप. ज्या मैदानावर माणसं दिसतात ते मैदान द्यायला कुणाचाही हात थोडा अडखळतो. तेव्हा ज्यांनी ज्यांनी स्टेटसला पोरांचा फोटो ठेवलाय, त्यांनी एकदा प्रत्यक्ष या.

येताना एक पाण्याची बाटली आणा. नवीन जर्सीत पोरांना घाम लै येतोय.