आलं का?

२८ ऑगस्ट २०२५, गुरुवार. पौड
दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो. पाऊस होताच. ओल्या पायांनीच फोन बघितला. बाळ कर्वे गेले. ९५ वर्षांचे. मुंबई महापालिकेतली नोकरी, रंगभूमीवरची एवढी वर्षं, आणि मथळा सगळीकडे एकच: गुंड्याभाऊ.
दादाला कळवावं म्हणून नंबर काढला. नाही लावला.

२९ ऑगस्ट
यूट्यूबवर 'चिमणराव' शोधला. फार काही नाही. तेव्हा टेपा महाग. दूरदर्शनवाले जुनं पुसून त्याच टेपेवर नवं घ्यायचे. वाचलं ते वाचलं.
कृष्णधवल. आवाज बसलेला. प्रभावळकर तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर. गुंड्याभाऊ मागे येऊन उभा राहिला की पडदा भरतो. बहुतेक वेळ तो काहीच करत नाही. ऐकतो. चिमणराव बोलबोल बोलतात, हसू पिकतं ते ह्याच्या गप्प तोंडावर. लहानपणी हे दिसलं नव्हतं. तेव्हा फक्त सोटा दिसायचा.

३१ ऑगस्ट
गौरी आल्या. वहिनीचा फोन नाही. मीही केला नाही.

१ सप्टेंबर
पुरण, सोळा भाज्या. कंबर गेली.

३ सप्टेंबर
वाण्यांचा टीव्ही आठवतोय दोन दिवस. लाकडी खोका, पुढे सरकती दारं. मी आठवीत, दादा दहावीत. वर धरणाकाठी आमच्या गावात शाळाही नाही, वीजही नाही. म्हणून दोघं पौडला आत्याकडे.
मुंबईचा कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला मिळायचा, १९७३पासून. आमच्यापर्यंत येताना मध्ये डोंगर. अँटेनाचं तोंड बरोब्बर सिंहगडाकडे असलं तर चित्र. जरा वारा सुटला की मुंग्या. मग दादा पत्र्यावर चढायचा, नळी धरून उभा राहायचा.
"आलं का?"
"आलं, आलं! आता सोडू नको!"
नाही सोडायचा. भाग संपेपर्यंत.

४ सप्टेंबर
म्हणजे दादाने गुंड्याभाऊ पाहिलेलाच नाही. सगळा 'चिमणराव' त्याने पत्र्यावरून ऐकला.
काल हे लिहिताना कळलं. एवढी वर्षं कसं कळलं नाही?

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. जुन्या पोरांचे फोन. एक जण पिरंगुटच्या कारखान्यात साहेब झालाय. पाढे मात्र येत नाहीत अजून. त्यानेच सांगितलं.

८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. कपाट आवरलं. पाचशेचा स्टॅम्पपेपर पैठणीच्या खाली तसाच. हे म्हणाले, फाडून टाक नाहीतर सही कर. दोन्ही नको वाटतं.

१२ सप्टेंबर
'दशावतार' लागला. मुलगी म्हणते कोथरूडला ये, बघू.

१४ सप्टेंबर
गेले. प्रभावळकर ८१ वर्षांचे. कोकणातला म्हातारा दशावतारी झालेत. रानात, अंधारात, त्या सगळ्या रंगांत. मुलगी रडली. मी त्या चेहऱ्यात चिमणराव हुडकत होते. सापडला नाही. हीच त्या माणसाची कमाल. सिनेमा थोडा कमी लांब चालला असता.
परत येताना चांदणी चौकात तासभर.

१६ सप्टेंबर
अण्णांची तिथी. दादाने वर पान वाढलं असेल. मला बोलावणं नव्हतं. इथे गच्चीवर घास ठेवला. पावसात कावळा कुठला येतो.

१८ सप्टेंबर
दुपारी 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. मुलीने फोनवरून टीव्हीवर कसं घ्यायचं ते शिकवलंय.
२००१ ते २००५. तेव्हा अल्फा मराठी होतं. शाळा, स्वयंपाक, मुलीची दहावी, त्यामुळे अर्धेमुर्धे भाग पाहिलेले. मूळ पुस्तक प्रभावळकरांचंच, 'अनुदिनी'. म्हणजे रोजनिशीच. आबा रात्री दिवा लावून वहीत लिहितात. मी पण हेच करतेय की. हसू आलं.
केदार शिंदेने फार काही घडू दिलं नाही, हे बरं केलं. घरात पाच माणसं. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. बिल भरायचं राहतं. पाहुणा येतो. कुणीतरी रुसतं. रात्रीपर्यंत मिटतं. बाकीच्या वाहिन्यांवर तेव्हा सासवासुना भरजरी साड्यांत एकमेकींच्या मुळावर उठलेल्या. इथे सून सासऱ्याला चहा देते आणि चहात काही कालवलेलं नसतं.
शुभांगी गोखले फार चांगली. भांडी घासता घासता बोलते ते खरंच भांडी घासणाऱ्या बाईचं बोलणं.

१९ सप्टेंबर
टिपऱ्यांचा ब्लॉक कुणाच्या नावावर आहे? कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

२२ सप्टेंबर
घट बसले. अकराला एक एजंट आला. पांढरी गाडी, पांढरे बूट, चिखलात. रिसॉर्टवाले वरची जमीन बघताहेत म्हणे. "मॅडम, तुमच्या वावरातून फुल लेक व्ह्यू आहे."
लेक व्ह्यू! त्या पाण्याखाली आजोबांचं घर आहे.
जाताना म्हणाला, भाऊंची सही झाल्यात जमा आहे, तुमच्यामुळे अडलंय.
चहा दिला. नको होता द्यायला.

२३ सप्टेंबर
रात्रभर डोक्यात तेच. 'झाल्यात जमा.'

२७ सप्टेंबर
पाऊस थांबायचं नाव नाही. मराठवाड्यात गावंच्या गावं पाण्यात. बातम्या बंद करून टिपरे लावले. नंतर लाज वाटून पुन्हा बातम्या.

२ ऑक्टोबर
दसरा. आणि मुंबई दूरदर्शनचाही वाढदिवस, १९७२चा.
आपट्याची पानं वाटता वाटता एक वेडगळ हिशेब डोक्यात आला. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला पडतं, तिथे वीज होते, ती मुंबईला. १९२७पासून. म्हणजे 'चिमणराव' ज्या शहरातून निघायचा, त्या शहरातले दिवे आमच्या पाण्यावर. आम्ही काठावर कंदिलात. दादा पौडच्या पत्र्यावर.
आजोबा १९२१च्या सत्याग्रहात होते. सेनापती बापटांना पाहिल्याचं सांगायचे. 'जान किंवा जमीन' म्हणायचे सगळे. शेवटी जमीन गेली, जान राहिली. ती घेऊन वर सरकले, डोंगराच्या पोटाला. आज ज्यासाठी कागद फिरताहेत ते हेच वावर. भाताची चार खाचरं, बाकी वरकस.

६ ऑक्टोबर
कोजागरी. ढग. दूध आटवलं तरी.
भाच्याचा फोन. "आत्या, पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजवा डोळा. तुला सांगू नको म्हणाले, म्हणून सांगतोय." हुशार आहे पोरगं. आईवर गेलंय.

७ ऑक्टोबर
फोन करू का, असं ह्यांना विचारलं. म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कानाचं नाही.
नाही केला.

१० ऑक्टोबर
मुलगी आलेली. तिने 'साराभाई' लावलं, 'साराभाई व्हर्सेस साराभाई'. २००४चं. तिच्या पिढीला तोंडपाठ. आधी लागलं तेव्हा कुणी फारसं बघितलं नाही. नंतर परत परत दाखवत राहिले, तेव्हा लोकांना लागलं. काही विनोद पहिल्या खेपेला उघडत नाहीत. माणसाचा स्वभाव आधी ठाऊक लागतो, मग नुसतं त्याने दार उघडलं तरी हसू येतं.
सतीश शाहचा इंद्रवदन. पेपर वाचण्याचं सोंग करत बायको आणि सून यांच्यात काडी टाकायची आणि मजा बघायची. असा एक माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे हेच.

११ ऑक्टोबर
त्याचा दुसरा भाग, २०१७चा. 'टेक टू'. माणसं तीच, रत्ना पाठक शाह तीच, घर नवं, जास्त श्रीमंत. दोन भागांनंतर उठले. कुठे बिनसलंय ते पटकन सांगता येईना. बहुतेक हे: आपण लोकांना आवडतो हे त्यांना आता कळलंय. रोसेश कविता म्हणायच्या आधी जरा थांबतो असं वाटतं, आपल्या हसण्यासाठी. पूर्वी ती एकमेकांवर चिडायची, आता चिडून दाखवतात.
मुलगी म्हणाली, आई, तुला सगळं जसंच्या तसं हवं असतं. असेल.

१३ ऑक्टोबर
लाइट नाही.

१४ ऑक्टोबर
आली. गेली.

१८ ऑक्टोबर
धनत्रयोदशी. चकली तिसऱ्या घाण्याला जमली. पौडच्या बाजारात दादासारखा पाठमोरा माणूस. तो नव्हता.

२० ऑक्टोबर
पहिली अंघोळ. रात्री बातमी, असरानी गेले. 'शोले'चा जेलर. दिवाळीच्या दिवशीच.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. ताट करून ठेवलं होतं. सुपारी, अक्षता, निरांजन, करदोडा. सात वाजेपर्यंत वाट पाहिली. मग ज्यांना भाऊ नसतो त्यांच्यासारखं गच्चीवर गेले चंद्राला ओवाळायला. चंद्रही ढगात. पश्चिमेकडे तोंड करून ओवाळलं. ताम्हिणीकडे. गाव त्याच दिशेला आहे, आणखी काय.

२५ ऑक्टोबर, शनिवार
संध्याकाळी फोन वाजला. दादा. एवढ्या महिन्यांनी.
"तायडे, सतीश शाह गेला गं."
बराच वेळ दोघं त्याच्याविषयीच बोललो. १९८४चं 'ये जो है जिंदगी'. प्रत्येक भागात सतीश शाह वेगळाच माणूस. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी तेच, हा मात्र दर खेपेला नवा. तेव्हा दादा भोसरीला कंपनीत होता, चाळीत टीव्ही होता, पत्र्यावर दुसरं कुणीतरी. ते त्याने खाली बसून पाहिलं. आज कोणता कोण होईल यावर पोरं पैज लावायची म्हणे.
"डोळा कसा आहे?" विचारलं.
"कुणी सांगितलं?"
"दिसतंय का नीट?"
"दिसतंय. कॅलेंडरवरचं बी दिसतंय. भाऊबीज झाली, ते बी दिसलं."
आणि फोन ठेवला.

२६ ऑक्टोबर
आला. नऊच्या एसटीने, काळा चष्मा, खांद्यावर आंबेमोहोराची पिशवी, जुना तांदूळ. म्हणाला, नवं भात उभं आहे आणि वरून पाऊस झोडपतोय, लोंब्या आडव्या झाल्या. ओवाळून घेतलं. पाचशेची नोट ताटात टाकली. पाचशेचीच. बघून दोघंही काही बोललो नाही.
जेवल्यावर 'चिमणराव' लावला. काय लावतेय ते सांगितलं नाही. गाणं सुरू झालं तसा ताठ बसला. चष्मा काढला.
"ह्यो गुंड्याभाऊ?"
"हो."
"ह्यो?"
"हो रे."
"मला वाटलं व्हतं लई आडदांड असंल. ह्यो तर अण्णांवाणी दिसतो." मग गप्प. मधेच डोळे मिटायचा. मिटले की पुढचं वाक्य तोच आधी म्हणायचा, अगदी त्याच सुरात. डोळे उघडले की अडखळायचा. हे पेपरामागून बघत होते. इंद्रवदन.
भाग संपल्यावर म्हणाला, "लेक व्ह्यूवाला तुझ्याकडं बी आलता का?"
"आला होता. म्हणाला, भाऊंची सही झाल्यात जमा."
"मला म्हणला, ताईंची झाली. आता तुमचीच राह्यली."
आधी ह्यांचा पेपर हलायला लागला. मग दादा. मग मी. वहिनीला फोन लावून दोन्ही बाजूंनी तेच पुन्हा सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, त्या मेल्याला माझ्या हातचं थालीपीठ खाऊ घातलं मी.
संध्याकाळी निघताना दारात थांबला. "कागद मीच धाडला व्हता. त्यात त्याचं काय न्हाई. ते माझंच."
"माहीत आहे."
"तुझा राग हाय."
"आहे."
"असू दे," म्हणाला. पाऊस वाढला होता. छत्री दिली, नको म्हणाला, मग नेली.

२७ ऑक्टोबर
तांदूळ निवडला. चार खडे.
सकाळीच दादाचा फोन. अण्णांच्या मागे सातबाऱ्यावर वारस नोंदच केलेली नाही, ती आधी करू, बाकी मागाहून. बाकी म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. उद्या अकराला तलाठ्याकडे. मृत्यूचा दाखला त्याच्याकडे आहे. माझं आधार कार्ड, फोटो, आणि लग्नाआधीच्या नावाचा काहीतरी पुरावा. शाळा सोडल्याचा दाखला चालेल का ते विचारायचं.
'चिमणराव'चे उरलेले भाग बघायचे म्हणतो. पण भात कापून झाल्यावर. तोवर मी पुढचे पाहायचे नाहीत, अशी ताकीद.
आज दोन पाहिले.