या जेवायला!

परदेशात शिक्षक होतो असं सांगितलं की लोक आधी पगार विचारतात. पगार बरा होता. त्यातून कोल्हापुरात दोन खोल्यांचं घर झालं. पण त्या मुलखानं पैशापेक्षा मोठं असं काही दिलं. ते आज वाचकांना सांगावंसं वाटतं.

इथिओपिया हा आफ्रिकेतला देश. सम्राट हैले सेलासी यांच्या काळापासून तिथल्या शाळांना शिक्षक कमी पडत, म्हणून भारतातून हजारो शिक्षक तिकडं गेले. १९७४ साली सम्राटाची सत्ता गेली, तरी ते जातच राहिले. १९८३ ते १९८६ अशी तीन वर्षं मी गोजाम भागातल्या एका लहान गावी गणित शिकवलं.

पहिल्याच आठवड्यात रस्त्यानं जाताना एका घरातून हाक आली, "एन्ब्ला!" म्हणजे 'चला, जेवू'. जेवताना कुणी समोर आलं की, ओळखीचा असो वा नसो, असं म्हणायची तिथली रीत. आत गेलो. घरच्या मुलीनं खाली परात धरून माझ्या हातांवर पाणी घातलं. मी क्षणभर गप्प झालो. गावाकडं माझ्या आजोबांच्या ओंजळीतही पाणी असंच वरून पडायचं. तिथं भांडं विटाळू नये म्हणून, इथं पाहुण्याचा मान म्हणून.

मग एकच मोठं ताट आलं. त्यात इंजेरा पसरलेली. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली, आपल्या आंबोळीसारखी, पण ताटाएवढी. वर डाळीचं तिखट कालवण. सगळ्यांचे हात त्याच ताटात. घरातल्या म्हातारीनं एक घास गुंडाळला आणि सरळ माझ्या तोंडात घातला. याला 'गुर्शा' म्हणतात. तिनं माझं आडनाव विचारलं नाही. 'अस्तेमारी', म्हणजे मास्तर, एवढीच माझी ओळख.

पुढं कॉफीची बोलावणी सुरू झाली. तिथं दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, म्हणून 'दहा वाजता या' म्हणजे आपले दुपारचे चार. हिरव्या बिया पाहुण्यासमोर भाजतात, कुटतात आणि 'जबना' नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. एकामागून एक तीन फेऱ्या होतात. तिसरीआधी उठणं बरं दिसत नाही. शेजारीपाजारी जमत. त्या बैठकांतच मी त्यांची भाषा शिकलो.

त्याच गावात आपल्याकडचे एक शिक्षक होते. पहिल्या भेटीत त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग विचारलं, "म्हणजे नेमके कोण?" मी सांगितलं, "बौद्ध." त्यानंतर त्यांच्या घरून चहाचं बोलावणं आलं नाही. समुद्र ओलांडतानाही त्यांनी जात सामानात बांधून आणली होती.

तो देश स्वर्ग होता असंही नाही. जबना घडवणाऱ्या कुंभारांना आणि लोहारांना तिथंही हलकं मानत. त्यांची नजर बाधते म्हणत, त्यांच्याशी सोयरीक करत नसत. एकदा मी त्या म्हातारीला विचारलं, "जबना करणारी बाई तुमच्या ताटाला बसते का?" ती काही बोलली नाही. निखारे नीट करत बसली.

अशा वेळी मला गंगाराम कांबळे आठवत. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि गाडी थांबवून स्वतः तिथला चहा घेऊ लागले. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असा हुकूमही महाराजांनी १९१९ साली काढला. पण हुकमानं दार उघडतं, घास माणसानंच माणसाला द्यावा लागतो. हे महाराज जाणून होते, म्हणूनच ते स्वतः चहाला थांबले.

'या जेवायला' हे तर आपल्याकडचंही बोलणं. माझ्या आजोबांना मात्र ते गावात कुणी म्हटलं नाही. आज शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशची पोरं राबतात. त्यांतली काही आपल्याच वस्तीत भाड्यानं राहतात, रात्री एकटीच चूल पेटवतात. त्यांची जात कोणती, याची चौकशी आपल्या गल्लीतही ऐकू येते. ती आपण तरी करू नये. भाकरी पुढ्यात असेल तेव्हा हाक मारावी, आणि ताटाशी जागा करून द्यावी.