पश्चिमेला बावळी

भोकरमधलं ते घर घ्यायचं ठरलं तेव्हा दलाल म्हणाला, “सर, हेरिटेज आहे, भाव कमी होणार नाही.” मरीन ड्राइव्हकडच्या आर्ट डेको इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोनं वारसा ठरवलं, हे खरं. पण आपल्या 1958 च्या स्मारक कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, आणि हे घर 1950 नंतरचं. गोल कोपऱ्याचा सज्जा, मोझॅकची फरशी. मालकानं ती घासून अशी काढलीय की अम्मींनी चप्पल पायऱ्यांवरच सोडली. मला तेवढं पुरे होतं.

घोळ निघाला कागदात. जागेचा मूळ दस्त उर्दूत, 1357 फसलीचा, म्हणजे 1947-48 चा. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं. मी तो उभ्या उभ्या वाचला. कर्जासाठी बँकेला मराठी भाषांतर हवं होतं, तेही लगेच करून दिलं. “सर, खरेदीदार तुम्हीच. तुमचं कसं चालेल?” बरोबरच होतं त्यांचं. रोज वर्गात उर्दू शिकवणारा मी नांदेडला जाऊन दोन पानांचे पैसे मोजून आलो.

चार दिवसांनी बँकेतून फोन. “सर, चतुःसीमेत पश्चिमेला ‘बावळी’ लिहिलंय. ही बाई कोण? तिची सही लागेल का?”

मूळ शब्द ‘बावली’, म्हणजे विहीर. ती कधीच बुजलीय, वर शेजाऱ्याची मोटारसायकल उभी असते. दुरुस्तीसाठी परत नांदेड. खरेदीखत त्यामुळे रमजाननंतर झालं.